मोटारीच्या ब्रेक पॅडची निवड

प्रास्ताविक

मोटारीत काही भाग असे असतात की, झिजणे हेच त्यांचे काम असते. ब्रेक पॅड हा असाच एक भाग होय. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या चकतीवर दोन्ही बाजूंनी दाबल्या जाणाऱ्या या लहानशा वड्या प्रत्येक थांब्यागणिक थोड्या थोड्या झिजतात आणि काही हजार किलोमीटर प्रवासानंतर त्या बदलणे अपरिहार्य ठरते. अशा वेळी मोटारीच्या मालकापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. सुट्या भागांच्या दुकानात एकाच मोटारीसाठी अनेक प्रकारचे पॅड मिळतात आणि त्यांच्या किमतींत दुपटीतिपटीचे अंतर असते. ज्याची मोटार रोज कार्यालयात, बाजारात व मुलांच्या शाळेत जाण्यायेण्यापुरती वापरली जाते, त्याने कोणते पॅड घ्यावेत? स्वस्त पॅड घेणे म्हणजे जिवाशी खेळणे काय? की महाग पॅडसाठी मोजलेला पैसा व्यर्थ जातो?

या प्रश्नाचे उत्तर केवळ किमतीवरून देता येत नाही. त्यासाठी ब्रेकचे कार्य कसे चालते, पॅड कशाचे बनतात आणि उष्णतेचा त्यांवर कोणता परिणाम होतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे. ही माहिती शालेय पदार्थविज्ञानाच्या पलीकडची नाही.

ब्रेकचे कार्य

धावत्या मोटारीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. ही ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ४५ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ७८,००० जूल भरते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ९० किलोमीटर झाला, की हीच ऊर्जा चौपट, म्हणजे सुमारे ३,१२,००० जूल होते. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअस तापमानापासून उकळीपर्यंत आणण्यास जवळजवळ इतकीच उष्णता लागते. मोटार थांबविणे म्हणजे ही सारी ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित करणे होय. ऊर्जा नाहीशी होत नाही; तिचे रूप मात्र बदलते. म्हणून ब्रेक हे वस्तुतः गतीपासून उष्णता निर्माण करणारे आणि ती उष्णता हवेत टाकून देणारे यंत्र आहे.

चालकाने पेडल दाबले की प्रमुख सिलिंडरातील द्रवावर दाब पडतो. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कालचा नियम होय. त्या नियमानुसार नळ्यांतून तो दाब प्रत्येक चाकाजवळील कॅलिपरपर्यंत जातो. कॅलिपर हा एक प्रकारचा चिमटाच असतो. त्यातील दट्ट्या पॅडला चकतीवर दाबतो आणि घर्षणामुळे चकती, तिच्याबरोबर चाक व अखेरीस मोटार मंदावते.

ब्रेक लावताना मोटारीचे नाक खाली झुकते, हा अनुभव सर्वांना आहे. त्या वेळी मागच्या चाकांवरील भार कमी होऊन तो पुढच्या चाकांवर जातो. समजा, उभ्या मोटारीचा ६० टक्के भार पुढे आहे. जोराने ब्रेक लावल्यास तोच भार ७५ टक्क्यांच्या आसपास जातो. थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांना उचलावा लागतो तो यामुळेच. भारतातील अनेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना चकती व मागच्या चाकांना ड्रम असतात, आणि पुढचे पॅड मागच्या अस्तरांपेक्षा लवकर झिजतात, याचेही कारण हेच आहे.

थोडा इतिहास

बैलगाडीला किंवा घोडागाडीला उतारावर आवरण्यासाठी चाकाच्या धावेवर लाकडाचा ठोकळा दाबण्याची रीत फार जुनी आहे. मोटारीचा वेग वाढला तेव्हा लाकूड व चामडे अपुरे पडू लागले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली ब्रेकसाठी घर्षणद्रव्ये तयार करण्याचा उद्योग सुरू केला. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली चकतीच्या ब्रेकचे एकस्व मिळविले. परंतु त्यांच्या रचनेत तांब्याचे तुकडे धातूच्या चकतीवर घासले जात आणि त्यामुळे कर्कश आवाज होई. पुढे अॅस्बेस्टॉसच्या तंतूंपासून बनविलेली अस्तरे प्रचारात आली. ती उष्णतेत टिकत, स्वस्त पडत आणि बिडाला फारसे ओरबाडत नसत. त्यामुळे अनेक दशके त्यांचाच वापर होत राहिला.

चकतीच्या ब्रेकचे महत्त्व जगाला पटले ते शर्यतींमुळे. १९५३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉप चकती-ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. १९५५ साली बाजारात आलेल्या सिट्रोएन डीएस या मोटारीला पुढच्या चाकांना चकती-ब्रेक होते. त्यानंतर हा प्रकार सर्वसाधारण मोटारींतही रूढ झाला.

अॅस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोग व इतर गंभीर विकार होतात, हे निर्विवाद सिद्ध झाले. ब्रिटनने १९९९ साली आणि युरोपीय संघाने २००५ पासून अॅस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली. त्याची जागा घेणाऱ्या नव्या द्रव्यांच्या शोधातूनच आजचे निरनिराळे पॅड निर्माण झाले आहेत.

पॅड कशाचे बनतात?

पॅडचे दोन भाग असतात. पोलादी आधारपट्टी हा एक आणि तिच्यावर घट्ट चिकटविलेला घर्षणद्रव्याचा थर हा दुसरा. नव्या पॅडमध्ये हा थर बहुधा १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात दहावीस निरनिराळे पदार्थ मिसळलेले असतात. परंतु कार्यानुसार त्यांचे पाच वर्ग पाडता येतात.

पहिला वर्ग बंधक द्रव्यांचा. फेनॉलिक राळ हे यांतील मुख्य द्रव्य असून ते इतर सर्व कणांना एकत्र बांधून ठेवते. दुसरा वर्ग तंतूंचा. पोलादी लोकर, काचतंतू, खनिज लोकर किंवा अॅरामिड यांचे तंतू पॅडला बळकटी देतात. तिसरा वर्ग घर्षण वाढविणाऱ्या कठीण कणांचा. अॅल्युमिना हे त्याचे उदाहरण होय. चौथा वर्ग ग्रॅफाइटसारख्या वंगणांचा. घर्षणासाठीच बनविलेल्या वस्तूत वंगण घालणे विसंगत वाटेल. परंतु घर्षण एकसारखे राहावे आणि चकती ओरबाडली जाऊ नये यासाठी ते आवश्यक असते. पाचवा वर्ग भरणद्रव्यांचा. त्यांत बॅराइट हे खनिज विशेष वापरले जाते. आंध्र प्रदेशातील मंगमपेट येथे या खनिजाचा मोठा साठा आहे.

भारतीय वाचकाला परिचित असा आणखी एक पदार्थ यांत असतो. काजूच्या टरफलापासून जे दाहक तेल निघते, ते कोकणात, गोव्यात व केरळात सर्वांच्या माहितीचे आहे. टरफले फोडणाऱ्या कामगारांचे हात त्याने भाजतात. त्याच तेलावर रासायनिक क्रिया करून त्याचा घट्ट पदार्थ बनवितात व त्याची भुकटी पॅडमध्ये मिसळतात. ही भुकटी पॅडला किंचित लवचिकता देते, आवाज कमी करते आणि थंड असतानाही घर्षण टिकवून धरते.

या द्रव्यांचे प्रमाण, त्यांच्या कणांचा आकार, साच्यातील दाब आणि भट्टीतील तापमान यांवर पॅडची गुणवत्ता अवलंबून असते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन पॅड दिसण्यात हुबेहूब सारखे असले, तरी त्यांचे गुण अगदी भिन्न असू शकतात.

पॅडचे मुख्य प्रकार

बाजारात साधारणतः तीन प्रकारचे पॅड मिळतात.

सेंद्रिय पॅड. यांत अॅस्बेस्टॉस नसते व धातूचे प्रमाण अल्प असते. ते मऊ व शांत असतात, चकतीची झीज कमी करतात आणि थंड स्थितीतही लगेच पकड घेतात. फार तापल्यास मात्र त्यांची पकड इतर प्रकारांच्या मानाने लवकर कमी होते.

अर्धधातवी पॅड. यांत वजनाने सुमारे ३० ते ६५ टक्के धातू असतो. ते उष्णता चांगली वाहून नेतात आणि तापल्यावरही पकड सोडीत नाहीत. परंतु ते अधिक आवाज करतात, चकतीची झीज वाढवितात व चाकांवर काळी धूळ उडवितात.

सिरॅमिक पॅड. यांत सिरॅमिक तंतू व कण असतात. ते शांत असून त्यांची धूळ कमी व फिकट रंगाची असते; पण चांगले सिरॅमिक पॅड महाग असतात. अत्यंत कमी किमतीच्या पेटीवर केवळ ‘सिरॅमिक’ असा शब्द छापलेला असेल, तर त्यावरून आतील द्रव्याविषयी काही निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

याखेरीज शर्यतीच्या मोटारींसाठी खास पॅड असतात. ते अतिशय तापल्यानंतरच उत्तम पकड घेतात. सकाळी घरातून निघालेल्या मोटारीने पहिल्याच चौकात थांबावे, या कामास ते अयोग्य ठरतात. म्हणून सर्वांत महाग पॅड तोच सर्वांत सुरक्षित, हा समज बरोबर नाही.

घर्षणांक आणि पॅडवरील अक्षरे

दोन पृष्ठभागांमधील घर्षणबल आणि त्यांना एकमेकांवर दाबणारे बल यांच्या गुणोत्तरास घर्षणांक म्हणतात. अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर निर्मात्याच्या खुणेबरोबर दोन रोमन अक्षरे छापलेली आढळतात. ही पद्धत अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली आहे. पहिले अक्षर सर्वसाधारण तापमानातील आणि दुसरे अक्षर अधिक तापलेल्या स्थितीतील घर्षणांक दर्शविते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ असा त्यांचा अर्थ आहे. ‘एफएफ’ अशी खूण असल्यास पॅड गरम झाल्यावरही त्याच वर्गात राहतो, असे समजावे. ‘एफई’ अशी खूण असल्यास तापल्यावर पकड कमी होते.

या अक्षरांचे महत्त्व एका उदाहरणाने पटेल. एका मोटारीचा ब्रेक ०.४० घर्षणांकाचे पॅड गृहीत धरून बनविलेला आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने ठरावीक जोराने पेडल दाबले असता ती सुमारे २० मीटर अंतरात थांबते. आता तिच्या सर्व चाकांना ०.३० घर्षणांकाची द्रव्ये बसविली. पायाचा जोर तोच राहिला, तर रोधक बल एकचतुर्थांशाने कमी होईल आणि मोटार थांबण्यास साडेसव्वीस मीटर लागतील. अंतरातील फरक साडेसहा मीटरांचा, म्हणजे एका लहान मोटारीच्या लांबीहून अधिक आहे.

परंतु खरा धोका अंतराच्या आकड्यावरून लक्षात येत नाही. पहिली मोटार ज्या बिंदूवर पूर्ण थांबली, त्याच बिंदूवर दुसरीचा वेग किती असेल? तेथवर तिची तीनचतुर्थांश गतिज ऊर्जा खर्च झालेली असते व एकचतुर्थांश शिल्लक असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तिचा वेग मूळ वेगाच्या निम्मा, म्हणजे ताशी ३० किलोमीटर असतो. त्या बिंदूपाशी रस्ता ओलांडणारे एखादे मूल उभे असेल, तर पहिली मोटार त्याच्यापुढे थांबेल आणि दुसरी त्याला ताशी ३० किलोमीटर वेगाने धडक देईल.

चालकाने पेडल एकतृतीयांश अधिक जोराने दाबले, तर ही उणीव भरून निघते, हे खरे आहे. पण संकटाच्या क्षणी तेवढे भान व तेवढे बळ प्रत्येकाकडे असेलच असे नाही. याउलट, मूळ पॅडपेक्षा फार अधिक घर्षणांकाचे पॅड घेऊनही थांबण्याचे अंतर मनासारखे कमी होत नाही. चाक अडकण्याइतके बल एकदा मिळाले की पुढे टायर व रस्ता यांमधील पकडच अंतर ठरविते. शिवाय पुढील व मागील चाकांतील रोधक बलांचा समतोल बिघडतो. मागची चाके आधी अडकली तर मोटार गरकन फिरण्याचा संभव असतो. म्हणून मूळ पॅडच्या जवळात जवळ घर्षणांक असणे, हीच योग्य कसोटी होय.

उष्णता आणि ब्रेकची क्षीणता

शहरातील वाहतुकीत ब्रेक किती तापतात, याचा अंदाज करता येतो. १,००० किलोग्रॅमची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबविली असता सुमारे १,३९,००० जूल उष्णता निर्माण होते. तिचा तीनचतुर्थांश भाग पुढच्या दोन चकत्यांत गेला आणि प्रत्येक चकती ५ किलोग्रॅमची असली, तर एका थांब्यात चकतीचे तापमान सुमारे २३ अंशांनी वाढते. दोन थांब्यांच्या मध्ये वाऱ्याने ती निवते. त्यामुळे रोजच्या साध्या प्रवासात चांगल्या सेंद्रिय पॅडला कठीण परीक्षा द्यावी लागत नाही.

घाटातील उताराची गोष्ट वेगळी आहे. उटीहून मेट्टुपाळयमला उतरताना मोटार सुमारे १,९०० मीटर खाली येते. तेवढ्या उतरणीत १,००० किलोग्रॅमच्या मोटारीची १ कोटी ८६ लक्ष जूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी तीच मोटार १३० हून अधिक वेळा थांबविण्याइतकी ही ऊर्जा आहे. तिचा काही भाग हवेचा रोध शोषतो. उरलेला भाग इंजिनाने न घेतल्यास ब्रेकला घ्यावा लागतो. म्हणूनच ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा नियम आहे आणि तो शास्त्रशुद्ध आहे.

पॅड प्रमाणाबाहेर तापले की त्यांतील राळेचे विघटन होऊ लागते. त्यातून निघणारे वायू पॅड व चकती यांच्या मध्ये येतात आणि पकड घटते. या अवस्थेत पेडल पायाला घट्ट लागते, पण मोटार मंदावत नाही. दुसरा प्रकार ब्रेकमधील द्रव उकळण्याचा. हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. ‘डॉट ३’ प्रकारचा नवा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० व १५५ असे आहेत. द्रवात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ लागते व तळाशी जाते. या दुसऱ्या दोषावर कितीही उत्तम पॅड घेतले तरी उपाय होत नाही. द्रवच बदलावा लागतो. दमट हवेच्या प्रदेशांत हे विशेष ध्यानात ठेवावे.

स्वस्त म्हणजे काय?

पेटीवरील किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. पॅड किती किलोमीटर टिकतात, बसविण्याची मजुरी किती पडते आणि चकतीची झीज किती होते, हेही हिशेबात घेतले पाहिजे. केवळ उदाहरणादाखल असे समजावे की, एक जोडसंच १,२०० रुपयांना मिळतो व २०,००० किलोमीटर टिकतो. दुसरा २,००० रुपयांना मिळतो व ४०,००० किलोमीटर टिकतो. मजुरी दोन्ही वेळा ५०० रुपये आहे. पहिल्याचा खर्च दर किलोमीटरला साडेआठ पैसे, तर दुसऱ्याचा सव्वासहा पैसे पडतो. दुकानात स्वस्त दिसणारा संच वापरात महाग ठरला. त्यातून पहिल्या संचाने चकती लवकर झिजविली, तर हा फरक आणखी वाढेल.

याचा अर्थ कमी किमतीचे सर्वच पॅड टाकाऊ असतात, असा नव्हे. मोटार कंपनीच्या पेटीतून मिळणारा पॅड पुष्कळदा सुटे भाग बनविणारा दुसराच कारखाना तयार करीत असतो आणि तोच कारखाना स्वतःच्या नावाने तसाच पॅड कमी किमतीला विकतो. काटकसरीने खरेदी करणाऱ्यास हा मार्ग बहुधा सर्वांत हितावह ठरतो. टाळावयाचे ते निनावी पॅड, ज्यांवर निर्मात्याचे नाव नाही, तुकडीक्रमांक नाही व कोणत्याही मानकाचा उल्लेख नाही.

खरेदी करताना पाहावयाच्या गोष्टी

१. मोटारीचे नमुना-नाव, निर्मितीचे वर्ष आणि शक्य तर जुन्या पॅडचा सुटा-भाग क्रमांक सोबत न्यावा. एकाच नावाच्या मोटारीत वर्षागणिक कॅलिपर बदललेला असू शकतो.

२. निर्मात्याचे नाव, तुकडीक्रमांक व घर्षणाची अक्षरे पेटीवरच नव्हे, तर प्रत्यक्ष पॅडवर आहेत की नाहीत ते पाहावे.

३. मानकाचा उल्लेख शोधावा. भारतात ब्रेकच्या अस्तरांसाठी आयएस २७४२ हे मानक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ९० क्रमांकाचा नियम बदली पॅडविषयी आहे. त्यानुसार बदली पॅडची रोधकशक्ती मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. अशा पॅडवर वर्तुळात रोमन ‘ई’ अक्षर व एक अंक कोरलेला असतो.

४. घर्षणद्रव्याचा थर आधारपट्टीला सर्वत्र चिकटलेला असावा. कडेला भेगा, फट, फुगवटा किंवा उडालेले तुकडे दिसल्यास तो पॅड परत करावा. आधारपट्टी वाकडी किंवा गंजलेली नसावी.

५. आवाज शमविणारी पट्टी, स्प्रिंगा व क्लिपा पेटीत आहेत काय, ते तपासावे. किंमत कमी करण्यासाठी पुष्कळदा यांनाच फाटा दिलेला असतो.

६. अॅस्बेस्टॉसविरहित असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा.

७. छापील पावती घ्यावी. नामांकित पेटीची नक्कल करून विकलेला माल ओळखणे कठीण असते. अधिकृत विक्रेता व पावती हेच त्यावरचे संरक्षण होय.

केव्हा व कसे बदलावे?

घर्षणद्रव्याची जाडी २ ते ३ मिलिमीटर उरली की पॅड बदलण्याची वेळ आली असे समजतात. निश्चित मर्यादा मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. काही पॅडना पोलादाची एक लहान जीभ असते. पॅड झिजला की ती चकतीला लागून किणकिण आवाज करते. हा आवाज दुर्लक्षून मोटार चालविल्यास शेवटी आधारपट्टीच चकतीवर घासते आणि काही शेकड्यांच्या पॅडऐवजी काही हजारांची चकती बदलावी लागते.

एका आसावरील दोन्ही चाकांचे चारही पॅड एकाच वेळी व एकाच प्रकारचे बदलावेत. एका बाजूस नवा व दुसऱ्या बाजूस जुना पॅड राहिल्यास ब्रेक लावताच मोटार एका अंगास ओढली जाते. चकतीची जाडीही मोजावी. किमान जाडीचा आकडा बहुधा चकतीवरच कोरलेला असतो. कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो, त्या स्वच्छ करून त्यांना योग्य ग्रीस लावावे. त्या अडकल्यास एक पॅड झिजून जातो व दुसरा तसाच राहतो. पॅडच्या किंवा चकतीच्या घासणाऱ्या पृष्ठभागास मात्र तेलाचा वा ग्रीसचा स्पर्शही होऊ देऊ नये.

काम संपल्यावर मोटार हलविण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे, हा नियम अत्यंत महत्त्वाचा आहे. नवे जाड पॅड बसविताना दट्ट्या मागे ढकललेला असतो. त्यामुळे पहिल्या एकदोन दाबांत ब्रेक लागतच नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरांवरून १५ किलोमीटरांपर्यंत वेग हळूहळू उतरवावा, आणि असे आठदहा वेळा, मध्ये ब्रेक निवू देऊन, करावे. यामुळे पॅडचा पातळ थर चकतीवर एकसारखा बसतो व पकड पूर्ण होते. पहिल्या दोनतीनशे किलोमीटरांत, निकड नसल्यास, जोराचे ब्रेक टाळावेत.

ब्रेकची धूळ

झिजलेला पॅड अखेर धुळीच्या रूपाने हवेत व पाण्यात जातो. पॅडमधील तांब्यामुळे जलचरांना अपाय होतो, असे आढळल्यावरून अमेरिकेतील वॉशिंग्टन व कॅलिफोर्निया या राज्यांनी २०१० साली कायदे करून २०२५ पर्यंत तांब्याचे प्रमाण ०.५ टक्क्याच्या खाली आणण्याचे ठरविले. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या ‘युरो ७’ नियमांत प्रथमच ब्रेकच्या धुळीवर मर्यादा घातली.

या धुळीचा पहिला बळी ठरण्याचा संभव असतो तो गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मनुष्याचा. जुनी चाके उघडल्यावर हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकून धूळ उडविण्याची सवय सर्वत्र दिसते. ती घातक आहे. जुन्या पॅडमध्ये कोणते तंतू होते हे दिसून ओळखता येत नाही. म्हणून धूळ ओल्या फडक्याने पुसावी व फडके पिशवीत बांधून टाकावे. मोटारमालकाने तशी आठवण दिल्यास त्याला काही खर्च येत नाही आणि काम करणाऱ्याची फुप्फुसे वाचतात.

सारांश

रोजच्या वापरातील मोटारीस मूळ पॅडच्या जवळचा घर्षणांक असलेला, ज्ञात निर्मात्याचा, मानकाची खूण धारण करणारा, अॅस्बेस्टॉसविरहित सेंद्रिय किंवा अल्पधातवी पॅड पुरेसा आहे. जेथे घाटाचा प्रवास नेहमीचा आहे किंवा मोटार भरलेली असते, तेथे उष्णतेत टिकणारा पॅड घ्यावा. किंमत या सर्व कसोट्यांनंतर पाहावी. कसोटीस उतरलेल्या पॅडपैकी सर्वांत स्वस्त पॅड घेण्यात काहीही गैर नाही. कसोटीच न लावता स्वस्त पॅड घेणे मात्र स्वतःस व रस्त्यावरील इतरांसही महाग पडू शकते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ८०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार ताशी ३६ व ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असता तिची गतिज ऊर्जा काढा. दोहोंचे गुणोत्तर किती येते?

२. पेडल घट्ट लागूनही मोटार थांबत नाही. पेडल मऊ लागून तळाशी जाते. या दोन दोषांची कारणे कोणती?

३. पुढचे पॅड मागच्या अस्तरांपेक्षा लवकर का झिजतात?

४. घरातील किंवा शेजारील मोटारीच्या माहितीपुस्तिकेत पॅडची किमान जाडी किती दिली आहे, ते शोधा. जवळच्या गॅरेजमधील जुना पॅड ओल्या फडक्याने पुसून घ्या, त्याच्या थराची जाडी मोजा आणि दोन्ही आकड्यांची तुलना करा.